रिकामा हॉल, भरलेला हॉल

कार्यक्रम संध्याकाळी असतो, पण हॉल दुपारपासूनच वाजत असतो. साउंडचेक चालू असतं. ड्रमर एकटाच बसून स्नेअरवर टोला मारतो, पुन्हा मारतो, आणि प्रत्येक टोल्यानंतर आवाज छताला, मागच्या भिंतीला, रिकाम्या खुर्च्यांना धडकून परत येत राहतो. एक टोला विरायच्या आत दुसरा त्याच्यावर चढतो. मिक्सरवर बसलेला साउंड इंजिनिअर दोन-तीन बटणं किंचित फिरवतो, कान देऊन ऐकतो आणि शेवटी म्हणतो, "राहू दे आता. लोक आले की बसेल."

पहिल्यांदा हे ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा वेळ मारून नेतोय. ओळखीच्या एका बँडचं सामान उचलायला मदत म्हणून मी गेले होते आणि तो घुमणारा गोंगाट ऐकून काळजीत पडले होते. संध्याकाळी हॉल तोच, ड्रम तोच, हातही तोच. टोला मात्र कोरडा आणि नेमका, कुणी छातीवर बोटाने टकटक करावी तसा. मधल्या चार तासांत हॉलमध्ये एकच बदल झाला होता. आम्ही तीनशे माणसं आत आलो होतो.

घरी चांगले स्पीकर आहेत, कानात चांगले हेडफोन आहेत, जवळपास हवं ते गाणं बोटावर आहे. मग तास-दोन तास उभं राहून, गर्दीत धक्के खात तेच गाणं ऐकायला का जायचं? असं विचारलं की बहुतेक जण "तिथलं वातावरणच वेगळं असतं" म्हणतात आणि विषय संपतो. मला तो तिथे संपलेला आवडत नाही. 'वातावरण' हा शब्द जरा उघडून पाहिला तर आत मोजता येतील अशा बऱ्याच गोष्टी निघतात, आणि त्यातल्या जवळजवळ प्रत्येक गोष्टीत ऐकणारा सामील असतो. लाइव्ह कार्यक्रमात आपण वाजणाऱ्या यंत्रणेचा एक भाग असतो. हे मी अलंकारिक अर्थाने म्हणत नाही.

सुरुवात त्या घुमणाऱ्या टोल्यापासूनच करू. १८९५ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड विद्यापीठात फॉग कलासंग्रहालयाची नवी इमारत उभी राहिली, आणि तिच्या व्याख्यानगृहात कुणाचं काही कळेना. बोललेला एक शब्द पाच सेकंदांहून जास्त वेळ घुमत राहायचा. तेवढ्यात पुढचे दहा-पंधरा शब्द बोलून व्हायचे. दुरुस्तीचं काम वॉलेस सॅबाइन या सत्तावीस वर्षांच्या भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकावर आलं. तो रात्री, सगळीकडे सामसूम झाल्यावर, ऑर्गनची एक नळी आणि स्टॉपवॉच घेऊन तिथे बसायचा. नळी वाजवायची, थांबवायची आणि आवाज ऐकू येईनासा होईपर्यंतचा वेळ मोजायचा. शेजारच्या नाट्यगृहातल्या खुर्च्यांच्या गाद्या तो रात्रीपुरत्या उचलून आणायचा, थोड्या-थोड्या वाढवत पुन्हा मोजायचा आणि सकाळच्या आत जागेवर नेऊन ठेवायचा. गाद्या वाढल्या की घुमणं कमी व्हायचं. यातून त्याने सूत्र बसवलं: खोली जितकी मोठी तितका आवाज जास्त वेळ टिकतो, आणि आवाज शोषणारं जितकं जास्त तितका तो लवकर मरतो. आजही सभागृहाचं गणित इथूनच सुरू होतं. आवाज साठ डेसिबलने खाली यायला, म्हणजे त्याची तीव्रता दहा लाखांश व्हायला, जो वेळ लागतो त्याला त्या खोलीचा अनुरणन-काळ म्हणतात.

या कथेतला मला सगळ्यात आवडणारा तपशील वेगळाच आहे. आपल्या अंगावरच्या कपड्यांमुळे मोजमापात फरक पडतोय हे सॅबाइनच्या लक्षात आलं. त्याने घेतलेली निरीक्षणं बाद केली, आणि पुढे प्रत्येक रात्री तेच कपडे घालून प्रयोग केले. मोठ्या व्याख्यानगृहात एका माणसाचा कोट आवाजाला कळत असेल, तर तीनशे माणसांचं काय होत असेल? साउंड इंजिनिअरचं "लोक आले की बसेल" म्हणजे हेच. आपली शरीरं, आणि त्याहून जास्त आपले कपडे, मध्यम आणि उंच पट्टीतला आवाज मुबलक पितात.

प्रत्येक संगीताला किती घुमणं लागतं हेही ठरलेलं असतं. सॅबाइनच्या सल्ल्याने बांधलेला बॉस्टनचा सिम्फनी हॉल १९०० साली सुरू झाला. प्रेक्षकांनी भरलेला असताना तिथला अनुरणन-काळ दोन सेकंदांच्या जरा अलीकडे आहे, आणि पाश्चात्त्य वाद्यवृंदाला तो फार मानवतो. व्हायोलिनचे सूर एकमेकांत मिसळायला तेवढा अवकाश लागतो. त्याच हॉलमध्ये ड्रम आणि बेस गिटार घेऊन जोरकस बँड उतरला तर खिचडी होईल. त्यांना एक सेकंदाच्या आसपासची खोली बरी.

आता एक छोटा प्रयोग. हेडफोन लावा आणि मान डावीकडे वळवा. गायिकाही तुमच्याबरोबर वळते. ती तुमच्या डोक्यात बसलेली आहे, जाणार कुठे? हॉलमध्ये मान वळवली की ती जागेवर राहते आणि दोन्ही कानांत पोहोचणाऱ्या आवाजाचं प्रमाण बदलतं. मेंदू या बदलावरून सतत हिशोब मांडत असतो: गाणारी समोर आहे, थोडी उजवीकडे, इतकी लांब. शिवाय तिचा आवाज थेट समोरून येतो आणि मागोमाग बाजूच्या भिंतींवरून उसळूनही येतो. या बाजूने येणाऱ्या आवाजामुळेच आपण संगीताच्या आत उभे आहोत असं वाटतं. व्हिएन्नाचं १८७० सालचं म्युझिकफेराइन सभागृह लांबट, अरुंद, बुटाच्या खोक्यासारखं आहे, आणि त्याच्या आवाजाची जी वाखाणणी होते त्यात जवळ असलेल्या त्या दोन भिंतींचा वाटा मोठा आहे.

पण माझा जीव खरा अडकलाय तो खर्जात. बास ड्रमचा पहिला ठोका पडतो आणि पोटात काहीतरी हलतं, ते काय असतं?

आवाज म्हणजे हवेचा दाब कमी-जास्त होणं. साधारण तापमानाला तो सेकंदाला ३४३ मीटर धावतो. सेकंदाला पन्नास कंपनं असलेल्या खर्जाच्या सुराची एक लाट त्यामुळे जवळजवळ सात मीटर लांब असते. एवढी लाट जोरात उठवायची तर खूप हवा ढकलावी लागते, आणि फोनच्या नखाएवढ्या स्पीकरला ते जमणं शक्य नाही. गाण्यातला खालचा मजला फोन वाजवतच नाही. वरच्या स्वरांवरून मेंदू अंदाजाने तो भरून काढतो. स्टेजखालचे सबवूफर मात्र खरोखर हवा ढकलतात. ही लाट कानात शिरते तशी छातीच्या पिंजऱ्याला, त्वचेला, पायाखालच्या लाकडी फळ्यांनाही हलवते. आतल्या कानात तोल सांभाळणारे जे अवयव आहेत त्यांनाही मोठ्या आवाजातली खालची कंपनं जाणवतात. म्हणजे चाल, तोल आणि खर्ज यांची दारं शेजारी-शेजारी आहेत.

२०२२ साली कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठाच्या संशोधकांनी याची फार सुंदर परीक्षा घेतली. इलेक्ट्रॉनिक संगीत वाजवणाऱ्या एका जोडीचा रीतसर कार्यक्रम ठेवला. आलेल्यांपैकी अनेकांनी डोक्याला हालचाल टिपणाऱ्या पट्ट्या बांधल्या. कार्यक्रम चालू असताना, कानाला जेमतेम कळतील किंवा कळणारही नाहीत अशी अतिखालची कंपनं सोडणारे स्पीकर दर काही मिनिटांनी चालू-बंद केले. ते चालू असताना लोक सरासरी ११.८ टक्के जास्त हलत होते. स्पीकर कधी चालू झाले आणि कधी बंद, हे त्यांना ओळखता येत नव्हतं. पाय आपण हलवतो असं आपल्याला वाटतं, आणि खालून कुणीतरी ते हलवत असतं. हे वाचल्यापासून, गर्दीत अनोळखी माणूस माझ्यासारखीच मान डोलावताना दिसला की मला त्याच्याबद्दल वेगळीच आपुलकी वाटते.

ही एकत्र हलण्याची गोष्ट टाळ्यांत सगळ्यात उघड दिसते. एका छोट्या गिगमध्ये गिटारवाल्याची तार तुटली. पलीकडून दुसरी गिटार मिळेपर्यंत त्याने मान हलवत फक्त ठेका दाखवला आणि आम्ही टाळ्यांवर तो उचलला. पहिले काही क्षण नुसता पाऊस. मग दोन-चार जणांनी जरा संथ केलं, शेजाऱ्यांनी त्यांचं पाहून संथ केलं, आणि अचानक सगळ्या टाळ्या एका ओळीत आल्या. कुणी "एक, दोन" म्हणालं नव्हतं. पाठीवरून काटा गेला. नंतर उत्साह वाढला, टाळ्या जलद झाल्या आणि ओळ पुन्हा विस्कटली.

हे असंच का झालं याचं उत्तर २००० साली 'नेचर' या नियतकालिकात आलेलं होतं. पूर्व युरोपातल्या नाट्यगृहांमध्ये आणि मैफलींत ध्वनिमुद्रित केलेल्या टाळ्या झोल्टान नेडा आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तपासल्या. माणूस भराभर टाळ्या वाजवतो तेव्हा प्रत्येकाचा वेग वेगळा असतो आणि जुळवून घेणं अवघड जातं. लोक नकळत आपला वेग जवळजवळ निम्मा करतात तेव्हा हे फरक कमी होतात आणि टाळ्या जुळतात. पण संथ टाळ्यांचा एकूण आवाज कमी पडतो. दाद तर भरभरून द्यायची असते, म्हणून लोक वेग वाढवतात आणि जुळणी तुटते. पुन्हा संथ, पुन्हा जुळणी. वन्स मोअर मागताना हे हेलकावे कान देऊन ऐका, फार मजा येते.

शांत बसून ऐकणारेही यातून सुटत नाहीत. बर्लिनमध्ये १३२ प्रेक्षकांवर झालेला एक अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. तंतुवाद्यांच्या मैफली चालू असताना खुर्चीत बसलेल्या श्रोत्यांची हृदयाची गती, श्वासाचा वेग, त्वचेचे विद्युत-संकेत आणि हालचाल नोंदवली गेली. संगीत पुढे सरकेल तसे हे आकडे श्रोत्यांमध्ये एकत्र वर-खाली होत होते. सगळे एकाच क्षणी श्वास आत घेत होते असं मात्र नव्हतं. श्वासाचा वेग एकत्र बदलत होता. एकमेकांशी अक्षरही न बोललेली माणसं, आणि एका संथ चरणावर सगळ्यांचा श्वास संथ.

याचं दुसरं टोक स्टेजवर आहे, आणि ध्वनिमुद्रण आणि लाइव्ह यांतला सगळ्यात मोठा फरक मला तिथेच दिसतो. ध्वनिमुद्रण आपल्याकडे पाहत नाही. तुम्ही रडा, हसा, उठून जा, तिसरं कडवं तिसऱ्या मिनिटाला येणारच. समोरचा गायक पाहतो. लोक गप्प झाले की तो आणखी हळू गातो, एखादी ओळ उचलली गेली की ती परत घेतो, पुढचं गाणं बदलतो. झ्युरिक विद्यापीठातल्या संशोधकांनी हा फरक मेंदूत शोधला आणि २०२४ साली मांडला. २७ श्रोते एकेक करून मेंदूचं चित्र घेणाऱ्या यंत्रात पडून पियानो ऐकत होते. श्रोत्याच्या मेंदूतल्या अमिग्डाला या भावनांशी जोडलेल्या भागात काय चाललंय ते पियानोवादकाला त्याच वेळी दिसत होतं, आणि त्यानुसार तो आपलं वादन बदलत होता. तशाच रचना मुद्रित करून ऐकवल्या तेव्हापेक्षा या लाइव्ह वादनाला अमिग्डालाचा प्रतिसाद जास्त आणि अधिक सलग होता. यंत्रात एकट्याने पडून राहणं म्हणजे काही मैफल नव्हे, हे मान्य. तरीही ऐकणारा आणि वाजवणारा यांच्यात काहीतरी फिरून परत येतं, आणि ते मोजता येतं, याचा मला फार आनंद झाला.

मोठ्या मैदानावर मात्र हे फिरून येणं अवघड होतं, कारण ध्वनी प्रकाशाच्या मानाने अगदी हळू चालतो. तुम्ही स्टेजपासून शंभर मीटरवर असाल तर गायिकेचे ओठ आधी दिसतात आणि शब्द सुमारे ०.३ सेकंदांनी पोहोचतो. तुम्ही त्या ठेक्यावर टाळी वाजवलीत, ती परत तिच्यापर्यंत जायला आणखी ०.३ सेकंद. मिनिटाला १२० ठोक्यांचं गाणं असेल तर दोन ठोक्यांत अर्ध्या सेकंदाचं अंतर असतं. म्हणजे तुमची अगदी तालात वाजलेली टाळी तिला पुढच्या ठोक्याच्याही नंतर ऐकू येते, आणि वेगवेगळ्या अंतरांवरच्या हजारो टाळ्या वेगवेगळ्या वेळी. त्या गोंधळात तिने ताल धरायचा कसा? म्हणून तिच्या कानात छोटे मॉनिटर असतात. त्यांतून तिला स्वतःचा आवाज आणि साथीदार थेट ऐकू येतात. १५ ऑगस्ट १९६५ला न्यूयॉर्कच्या शे स्टेडियममध्ये बीटल्स पंचावन्न हजारांवर लोकांपुढे वाजले तेव्हा असं काहीच नव्हतं. लोकांच्या किंकाळ्यांत त्यांना स्वतःचंच वाजवणं नीट ऐकू येत नव्हतं.

मैदानाच्या मध्यावर जे स्पीकरचे खांब दिसतात त्यांच्यामागेही एक छान युक्ती आहे. मागच्यांना नीट ऐकू यावं म्हणून ते लावतात, पण त्यांतून आवाज लगेच सोडला तर मागच्यांना आधी खांबाचा आणि मग स्टेजचा, असं दोनदा ऐकू येईल. म्हणून खांबाचा आवाज मुद्दाम थांबवून सोडतात: स्टेजवरचा आवाज तिथवर पोहोचायला जितका वेळ लागतो तितका, आणि वर सेकंदाचा शंभरावा-पन्नासावा भाग. कारण आपल्या कानाचा एक स्वभाव आहे. तोच आवाज दोन ठिकाणांहून अगदी थोड्या अंतराने आला तर कान दोन्ही एक समजतो आणि जो आधी आला त्याच्या दिशेला मान देतो. हेल्मुट हास याने १९४०च्या दशकाअखेरीस यावर सविस्तर प्रयोग केले, म्हणून या युक्तीमागच्या परिणामाला त्याचं नाव आहे. जवळच्या खांबातून मोठा आवाज येत असतो आणि आपल्याला वाटतं, ती तिकडून स्टेजवरून गातेय.

तरीही मला विचाराल तर छोट्या जागा. गाण्याआधी घेतलेला श्वास जिथे ऐकू येतो, तारेवरून बोट सरकल्याची किंचित खरखर येते, त्या. तिथे कुठे उभं राहायचं याचंही शास्त्र आहे. साधारणपणे मिक्सरच्या आसपास उभं राहावं, कारण सगळा मेळ त्या जागेवरून ऐकून घातलेला असतो. अगदी पुढे एका बाजूला राहिलात तर एकच स्पीकर कानात ओरडतो. खर्ज कमी-जास्त वाटला तर दोन-तीन पावलं सरका. डाव्या-उजव्या सबवूफरच्या लांब लाटा काही जागी एकमेकींना वाढवतात, काही जागी खोडतात. भिंतीला टेकलात तर खर्ज फुगतो. आणि फोनवर मुद्रण करत असाल तर इतकंच, की फोनचा चिमुकला माइक मोठा आवाज दाबून सपाट करतो. घरी गेल्यावर त्यात तो खर्ज सापडणार नाही.

आता कान. इथे मी हात जोडून सांगते आहे. आतल्या कानात आवाज टिपणाऱ्या साधारण पंधरा हजार केसपेशी असतात, आणि माणसाच्या कानात त्या एकदा मेल्या की परत उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशोबाने ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला चाळीस तास चालतो. पुढे दर तीन डेसिबलला वेळ निम्मा. १०० डेसिबलला पोहोचेपर्यंत आठवड्याचे जेमतेम वीस मिनिटं उरतात, आणि जोरकस कार्यक्रमात १०० डेसिबल सहज होतात. कार्यक्रमस्थळांसाठी संघटनेने २०२२ साली दिलेली मर्यादाही सरासरी १०० डेसिबलचीच आहे. एकदा स्पीकरला लागून दोन तास नाचल्यावर माझ्या कानांत दोन दिवस बारीक शिट्टी वाजत होती. ती थांबली हे माझं नशीब. त्यानंतर मी कानात बोळे घातल्याशिवाय जात नाही. फोमचे साधे बोळे उंच स्वर जास्त खातात आणि गाणं गोधडीखालून आल्यासारखं वाटतं. वादक वापरतात ते बोळे सगळ्या पट्ट्या साधारण सारख्याच खाली आणतात. गाणं तेच राहतं, फक्त थोडं मागे सरकतं. मधूनमधून दहा मिनिटं बाहेर शांततेत उभं राहिलं तरी कानाला विसावा मिळतो. लहान मुलांना नेत असाल तर त्यांच्यासाठी कानावर बसणारी जाड टोपणं न्याच.

कार्यक्रम संपल्यावर घाईने निघू नका, जमलं तर. शेवटचं गाणं थांबल्यावर टाळ्या सुरू व्हायच्या आधी एक क्षण असतो, त्यात फक्त हॉल वाजत असतो. मग टाळ्या, वन्स मोअर, दिवे. लोक बाहेर पडतात, कुणी कुणाला शोधत असतं, कुणाचा आवाज बसलेला असतो. स्टेजवर केबल गुंडाळायला सुरुवात होते. मागच्या वेळी मी दाराशी थांबले होते. ड्रमरने झांजेवरचा स्क्रू सोडवला, झांज हातातून निसटली आणि स्टँडवर आपटली. तो झणकार छतापर्यंत गेला, मागच्या भिंतीवरून परत आला, रिकाम्या खुर्च्यांवरून फिरला, आणि दुपारसारखाच किती तरी वेळ विरला नाही.